परातीतलं पाऊल

हसनाबादेतल्या त्या गल्लीत एक अंगण असं होतं, की तिथून जाताना मोटारसायकलवाली पोरंसुद्धा पाय खाली टेकून हळूच कडेनं गाडी काढायची. रांगोळी मोडली तर तुळजाबाई रागावायची नाही, आणि अडचण तीच होती. ती म्हणायची, "चाकानं काय झकास रेघ वढली रे, थांब जरा!" आणि त्या रेघेचा नाग नाहीतर वेल होईस्तोवर पोराला जागचं हलू द्यायची नाही. घाईत असलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

काय काढायचं हे ठरवून ती कधी बसली नाही. सडा अर्धवट वाळला की उंबऱ्याजवळ बसायची, चिमटीत रांगोळी घ्यायची आणि एक कमान काढायची. तिच्या शेजारी तशीच दुसरी. मग तिसरी. त्याच त्या कमानी, सावकाश, एकमेकींना खेटून. शेजारची झुंबरबाई भांडी घासता घासता ओरडायची, "तुळजे, काय येडी झाली का? तेच ते काय काढून राह्यली?" तुळजाबाई मान वर न करता सांगायची, "हात चालू ठिवायचा अन् डोस्कं मोकळं सोडायचं. आपसूक येतंय." आणि खरंच यायचं. कमानींच्या रांगेतून कधी मोराचा पिसारा निघायचा, कधी गोठ्यातली म्हैस. झुंबरबाईची भांडी तशीच राहून जायची.

आणि नाहीच काही आलं, तर तिचा दुसरा उपाय तयार असायचा. डोळे मिटायचे आणि मूठभर रांगोळी भुईवर फेकायची. ती कशीही पसरायची. मग डोळे उघडून नुसतं बघत बसायचं. कुणाला त्यात कोंबडा दिसायचा, कुणाला तिच्या दिराची, सर्जेरावांची मिशी. दिसलं की आपण दोन रेघा द्यायच्या, तिसरी नाही. दोन रेघांत ते दुसऱ्यालाही दिसलं पाहिजे, असा नेम होता. गल्लीतली लेकरं शाळा सुटली की हाच खेळ खेळायची. शहरात आता याचे वर्ग निघालेत म्हणे, मन शांत करायचे, फी घेऊन. तुळजाबाई फुकट शिकवायची, म्हणून गावाला त्याची किंमत नव्हती.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. तुळजाबाईच्या अंगणात ते मुठीतून पडलेल्या रांगोळीत दिसायचं, आणि कुणाला काय दिसलं यावरून त्याच्या मनात काय चाललंय हे तिला बरोबर कळायचं. तिनं ते चारचौघांत कधी बोलून दाखवलं नाही.

तिचा नवरा गेला तेव्हा लेक भारत मांडीवर होता. दीड एकर रान आणि एक म्हैस, एवढ्यावर तिनं पोराला वाढवलं. चुलत दीर सर्जेराव अडीअडचणीला उभे राहायचे आणि उभं राहिल्याबद्दल वर्षभर ऐकवायचेही. मांडवात चौक भरायला मात्र तिला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. असा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे सगळे कबूल करायचे. पण गावाला बाईच्या हाताआधी तिचं कपाळ दिसतं. ज्या बायकांना तिनंच ठिपके जोडायला शिकवलं, त्या हळदीकुंकवाच्या साड्या नेसून तिच्या दारावरून मांडवाकडे जायच्या. ती त्या दिवशी अंगणात जरा जास्तच वेळ बसायची.

तिला बोलावणं यायचं ते दुसऱ्याच कामाला. त्यांच्याकडे माणूस गेलं की, त्याला जिथं शेवटचं टेकवलं त्या जागेवर, दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी परातीत ज्वारीचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि परातीवर दुरडी झाकतात. सकाळी दुरडी उचलून पिठात कशाचा ठसा उमटला ते बघतात. ज्याचं पाऊल, त्या जन्माला जीव गेला. आता पीठ ते पीठ. त्यावरून वारा फिरतो, किडामुंगी फिरते, दुरडीची काडी पडते. दहा माणसं वाकून बघतात आणि कुणालाच काही कळत नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "अरे, जल्दी तुळजाबाईला बोलवा."

ती यायची, परातीजवळ उकिडवी बसायची आणि रडणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून मग पिठाकडे बघायची. जन्मभर खस्ता खाल्लेल्या म्हातारीच्या पिठात तिला गाईचा खूर दिसायचा. लहान लेकराच्या पिठात फुलपाखरू. ती खोटं बोलायची का? ते तुम्ही ठरवा. तिच्या लेखी तिला ते खरंच दिसायचं, आणि बोटानं दोन रेघा देऊन ती ते दुसऱ्यांनाही दाखवायची. माणसं डोळे पुसून जेवायला बसायची.

वंदना सून होऊन आली ती परतूरहून. बारावी झालेली, अंगानं काडी, बोलायला कमी. सासूच्या रांगोळीचं नाव ऐकून होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात मोबाईलमध्ये बघून तिनं अंगणात एक गुलाब काढला. तो फ्लॉवरचा गड्डा झाला. झुंबरबाई हसली आणि वंदना आत जाऊन रडली.

तुळजाबाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "त्या मोबाईलातलं तुझं न्हाई बाई. डोळे मीट. फेक मूठ."

वंदनानं फेकली.

"काय दिसून राह्यलं?"

"काईच न्हाई, आत्याबाई."

"बघत ऱ्हाय. घाई न्हाई कुणाला."

बराच वेळ बघून वंदना हळूच म्हणाली, "एसटी." आणि दोन रेघांत तिनं खरंच एसटी काढली, खिडक्यांसकट. तुळजाबाई पोट धरून हसली. संध्याकाळी तिनं भारतला सांगितलं, "उद्या बायकोला परतूरला सोडून ये. चार दिवस माहेरात ऱ्हाऊ दे तिला." चार दिवसांनी वंदना परत आली ती सासूची होऊनच आली.

पुढं तिचा हात असा सुटला की बघत राहावं. सकाळी दोघी समोरासमोर बसायच्या, एक इकडून कमानी काढत यायची, एक तिकडून, आणि मधे कुठंतरी गाठ पडायची. वंदनानं रंग भरायला घेतले. हळदीच्या कार्यक्रमाला मांडवासमोर मोठी रांगोळी काढायची नवी टूम निघाली होती. तिला भोकरदनपर्यंत बोलावणी यायला लागली. भारतकडे मालवाहू पिकअप होती. कांदे, मका, कापूस, मिळेल ते भाडं मारायचा. त्याच गाडीत रंगांच्या पिशव्या टाकून तो बायकोला घेऊन जायचा आणि रांगोळी पुरी होईस्तोवर पोराटोरांना हाकलत उभा राहायचा. स्वतः त्याला मुठीच्या रांगोळीत काहीही दाखवलं तरी कांदेच दिसायचे. त्यांना अर्पिता झाली. तुळजाबाईला वाटलं, आता देवाचं आपल्याला काही देणं उरलं नाही.

शहागडच्या पुढं रस्त्याच्या कडेला भारत टायर बदलत होता. मागून आलेल्या ट्रकला तो दिसला नाही. एवढीच गोष्ट. पंचवीस-तीस वर्षं वाढवलेलं पोर एवढ्या दोन वाक्यांत जातं, आणि ती दोन वाक्यं फोनवर कुणा परक्याच्या तोंडून ऐकावी लागतात.

तुळजाबाईनं त्या दिवसापासून चिमटीत रांगोळी धरली नाही. सुतकाचं घर, धरायचीही नव्हतीच; पण तिला इच्छासुद्धा होईना, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. वंदना कोपऱ्यात बसून असायची. अर्पिता रात्री आज्जीचा पदर मुठीत धरून झोपायची आणि सकाळी बापाची गाडी आली का म्हणून दाराकडे पळायची. असं लेकरू घरात असलं की मोठ्यांना धड रडताही येत नाही.

सातव्या की आठव्या दिवशी वंदनाला फोन आला. महिनाभरावर ठरलेल्या एका लग्नाचा. "ताई, यावेळी ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर एवढा प्रसंग..." बाई फार गोड बोलली. वंदना "हो हो" म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवून बसली. मग दुसरा फोन आला, तसाच गोड. त्या गोडव्याचा अर्थ वंदनाला दुसऱ्या फोनला कळला. तुळजाबाईला पहिल्यालाच कळला होता. गावात राहिली तर या पोरीच्या हातालाही आता एकच काम उरणार होतं. परातीजवळ उकिडवं बसायचं.

वंदनाचा भाऊ भागवत परतूरहून आलेला होता. त्याचं तिथं मोबाईलचं दुकान, वर एक खोली रिकामी. तो तुळजाबाईसमोर हात जोडून बसला. "मावशी, तिला घेऊन जातो म्हणतो. वर पोरींचा रांगोळीचा वर्ग काढंल. तिकडं कुणी कुणाचं कपाळ बघत न्हाई. अर्पिताची शाळा बी होईल."

  तुळजाबाईला दोघी हव्या होत्या. सून हवी होती, नात हवी होती, समोरून कमानी काढत येणारा तो हात हवा होता. त्या दोघी गेल्या तर या घरात भारत होता हे बोलायलासुद्धा माणूस उरणार नव्हतं. आपण किती स्वार्थी झालोत, हे तिला कळत होतं. कळून स्वार्थ काही कमी होत नाही.

सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल पुढं ढकलला. "पाव्हणं, आधी पिठात काय निघतंय ते बघू. मंग बोलू."

त्याला कारण होतं. पिठात पाखराचं पाऊल निघालं, तर जीव मोकळा झाला. घरच्यांनीही आपापल्या वाटेला लागायला हरकत नाही. पण माणसाचं पाऊल निघालं आणि तेही घराकडं तोंड केलेलं, तर जीव घरातच घुटमळतोय म्हणायचं. मग त्या जागेवरचा दिवा वर्षभर विझू द्यायचा नाही आणि घरातल्या एका बाईनं तेवढं वर्ष उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या भावकीत आजवर ती बाई बायकोच असायची. वर्षानंतर तिला कुणी धरून ठेवत नसे, पण वर्षभर दिव्याजवळ बसलेली बाई पुढं कुठं जाते? रान, म्हैस, लेकराची शाळा, सगळं तिथंच रुजलेलं असतं. सर्जेरावांना ते माहीत होतं, भागवतला माहीत होतं, आणि तुळजाबाईला तर सगळ्यांत आधी.

परात तिनंच मांडली. पीठ चाळून घेतलं, हलक्या हातानं सारखं केलं. दिवा लावला. दुरडी झाकताना तिनं मनात एकच गोष्ट मागितली आणि ती मागताना सुनेकडे बघितलं नाही.

सकाळी भावकी जमली. माजघरात उभं राहायला जागा उरली नाही. सर्जेरावांनी दुरडी उचलली, आणि सवयीनं सगळे मागं सरकले. तुळजाबाईला वाट दिली. तिच्या लेकाचं पीठ बघायलाही तिच्याशिवाय दुसरं होतं कोण?

ती बसली. वाकली. आणि तिला पाऊल दिसलं.

माणसाचं. डाव्या पायाचं. टाच, तळवा, पाची बोटं. करंगळी बाहेरच्या बाजूला कललेली, लहानपणी दाराच्या फळीखाली चेंगरली होती तशी. आणि तोंड आत, चुलीकडे. पोरगं कामावरून भुकेजलेलं आलं की पायातल्या चपला न काढता सरळ चुलीकडेच जायचं.  आला. भारत घरी आला. तिला आनंद झाला, खरंखुरा आनंद, आणि तो सांगायला तिनं तोंड उघडून मान वर केली.

समोर वंदना बसली होती. अर्पिताला मांडीत धरून ती परातीकडे बघत होती, तसंच न हलता, जसं तिला सासूनं शिकवलं होतं. तिचे ओठ हलले.

"पाखरू," ती म्हणाली. इतक्या हळू की स्वतःलाच सांगावं.

"तू थांब गं," सर्जेराव म्हणाले. "वहिनी सांगतील. बोला वहिनी, काय निघालं?"

तुळजाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. ती काही हट्टानं बोलली नव्हती, सासूला फसवायला तर नाहीच. तिला दिसलं ते तिनं सांगितलं होतं. जे मनात असतं ते दिसतं, आणि ही पोर मनातून उडाली होती. तिला नवऱ्याचं दुःख नव्हतं असं नाही. ती जगायला बघत होती, एवढंच. आपल्या मनात काय होतं म्हणून आपल्याला पाऊल दिसलं, हेही तुळजाबाईला त्याच क्षणी कळलं. पण कळलं म्हणून ते पाऊल पुसलं गेलं नाही. ते तिथंच होतं, वाकड्या करंगळीसकट.

"बोला ना वहिनी."

"पाखरूच हाय," तुळजाबाई म्हणाली.

"कुठं? आमाला तर काईच दिसंना."

तेव्हा तिनं बोट पुढं केलं. लोकांना दिसायला हवं होतं, नाहीतर सर्जेराव ऐकणारे नव्हते. टाचेवरून एक रेघ ओढली. बोटांवरून दुसरी. करंगळी त्या रेघेखाली गेली. आयुष्यात तिनं पुष्कळ रेघा ओढल्या होत्या. दिसलेलं झाकायला ओढल्या त्या या दोनच.

"आता दिसलं," झुंबरबाई मागून म्हणाली. "व्हय की, पाखरूच. चिमणीवानी." मग सगळ्यांनाच दिसलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सर्जेरावांनी हातातली दुरडी खाली ठेवली. पिठापुढं त्यांचंही चालत नव्हतं.

तेरावा झाला आणि भागवतनं गाडी आणली. वंदनाचं सामान ते किती, दोन पेट्या आणि रंगांच्या पिशव्या. अर्पिता गाडीत बसायला मिळालं म्हणून खूश होती. वंदना पाया पडली ती उठेचना.

"आत्याबाई, एक विचारू का? खरं सांगताल?"

"विचार."

"तुमाला बराबर पाखरूच दिसलं व्हतं ना? माझ्यासाठी तर म्हणला न्हाई ना तुमी? त्यांचं मन इथं अडकलं आसंल अन् मी निघून चालले, तर..." तिनं सासूचे पाय घट्ट धरले. "तसं आसंल तर मी ऱ्हाते. मला सांगा. मी ऱ्हाते."

एक शब्द पुरेसा होता. खरा शब्द होता, तिला सांगायला पापही लागलं नसतं. अर्पिता गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती.

"पाखरूच व्हतं," तुळजाबाई म्हणाली. "लहानसं. उडून गेलं बग ते. तू रडू नको, जा. पोहचलीस की फोन कर."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत.

त्यानंतर गावानं तिला अंगणात बघितलं नाही. म्हैस सर्जेरावांच्या गोठ्यात गेली. सडा झुंबरबाई टाकायची, दुकानातली साखर-चहापत्तीही तीच आणून द्यायची आणि कुरकुरायची, "तुळजे, किती दिवस अशी बसनार घरात? लेक गेला, तू काय गेली न्हाई." म्हातारी खचली, असं गावानं ठरवून टाकलं. कुणाच्या घरी पीठ बघायला बोलावलं तरी ती गेली नाही. माजघरात, त्या जागेवर, तिचा दिवा जळत असायचा. आईनं लेकाचा दिवा जपावा यात कुणाला विशेष वाटलं नाही, आणि भावकीची रीत तिथं कुणाला आठवली नाही; कारण पाखरू तर सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

दिव्याच्या उजेडात ती फरशीवर कमानी काढत बसायची. एकीशेजारी एक, भिंतीपर्यंत. समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून भिंत लागली की परत फिरायची. कधीमधी भारतशी बोलायची. तो ऐकायला आहे, याबद्दल तिला शंका नव्हती.

वंदनाचा फोन दर दोन-चार दिवसांनी यायचा. वर्ग चांगला चालला होता. आधी चार पोरी होत्या, मग खोली अपुरी पडली. एका लग्नात तिनं मांडवाच्या आत रांगोळी काढली आणि कुणी काही विचारलं नाही, हे सांगताना ती हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. तुळजाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला, तेच पुन्हा सांग म्हणाली.

दिवाळीच्या आधी अर्पितानं फोन घेतला. "आज्जी, माझ्या वाढदिवसाला ये. मामा गाडी घेऊन येतो तुला न्यायला. येशील ना?"

मागून वंदनाचा आवाज आला. "या ना आत्याबाई. एकदा बघून जावा सगळं. किती दिवस झाले, एकदाबी आल्या न्हाईत. राग धरला का माझ्यावर?"

"राग कशाचा बाई," तुळजाबाई म्हणाली. "गुडघं लई दुखून राह्यलेत. पुढच्या वर्षी बिलकुल येते."

अर्पितानं रडून फोन आपटला. तुळजाबाईनं आपला फोन खाली ठेवला आणि ती दिव्यात तेल घालायला उठली. तिचे गुडघे अजिबात दुखत नव्हते.